डाव्या चाकापाशी कोण उभं होतं

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल पुढच्या पानावर जावं, मी भांडायला येणार नाही. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. त्या माणसाला साधी थाप मारता येत नाही. गिऱ्हाइकाला "गादी उद्या नक्की मिळेल" असं सांगतानासुद्धा त्यांचे कान लाल होतात.

भुतांच्या गोष्टीत अमावास्या लागते, मध्यरात्र लागते. इथे तसलं काही नाही. रविवार होता. थंडीचे दिवस. दुपारचा चहासुद्धा व्हायचा होता. जागा म्हणाल तर गावाबाहेरची बंद पडलेली दगडखाण आणि तिच्या मागचा चढ. धुकं मात्र असं उतरलं होतं की दहा पावलांपलीकडचं काही दिसेना.

आणि त्या धुक्यात कुणीतरी उभं राहून... हात करत होतं.

आधी माणसं सांगते, नाहीतर गोंधळ व्हायचा. माझ्या आईला दोन बहिणी. थोरल्या मावशीचे यजमान ते थोरले काका, धाकटीचे ते धाकटे काका. म्हणजे दोघं एकमेकांचे साडू. आता साडू हे नातं काय चीज आहे ते ज्याला साडू आहे त्यालाच विचारा. तोंडावर "या हो साडूभाऊ", आणि डोळा मात्र सासूबाई कुणाला आधी खुर्ची देतात त्याच्यावर.

थोरल्या काकांचा विहिरींना पंप बसवायचा धंदा. माणूस आडदांड, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. ते खोलीत आले की बाकीच्यांना आपोआप भिंतीला लागून बसावं लागतं. धाकटे काका सोफ्याच्या गाद्या आणि गाड्यांच्या सीटा शिवतात. तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमीच.

थोरल्या काकांना डोंगरातून, चिखलातून गाडी घालायचा भारी नाद. त्यांच्यासारख्याच हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, दर रविवारी निघतात. ग्रुपमध्ये त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात.

आणि धाकटे काका? ते कॅप्टनचे स्पॉटर.

स्पॉटर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. अवघड जागी चालवणाऱ्याला चाकाखालचं काही दिसत नाही. म्हणून एक जण खाली उतरतो, गाडीच्या पुढ्यात उभा राहतो आणि हातांनी सांगतो. ये, ये. डावीकडे. थांब. मागे जा, मागे. चालवणाऱ्याने जमीन बघायची नाही, फक्त ते हात बघायचे. मनाला पटो न पटो, हात म्हणेल ते करायचं. स्पॉटर दिसेनासा झाला तर गाडी जागच्या जागी उभी. आणि जो आधी वर पोचतो त्याने खाली उतरून मागच्याला वाट दाखवायची. ग्रुपमध्ये हे नियम कुणी मोडत नाही. जीव त्या हातांवर टांगलेला असतो.

तर इतकी वर्षं चिखलात कोण चालायचं? धाकटे काका. गुडघ्यापर्यंत कोण भरायचं? धाकटे काका. आणि गाडी वर चढली की टाळ्या कुणाला? कॅप्टनला. ग्रुपवर फोटो यायचे त्यात थोरले काका बॉनेटवर पाय ठेवून उभे, आणि कोपऱ्यात धाकट्या काकांचा अर्धा खांदा.

"मला राग नव्हता गं," काका मला म्हणाले. "जळत होतं. रागात माणूस दोन शब्द बोलून मोकळा तरी होतो. जळणाऱ्याला ते पण जमत नाही."

घरातही तेच. "ताईच्या यजमानांना कसं बाई सगळं जमतं," असं धाकटी मावशी सहज बोलून जायची, आणि काकांच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

शेवटी काकांनी गाडी घेतली.

साधीसुधी नाही. जपानहून आलेली, डिझेलची, चारही चाकं ओढणारी. जुनी, पण खणखणीत. बंदराजवळ एका व्यापाऱ्याचं आवार आहे, तिथे अशा गाड्या जहाजातून उतरतात. काका घरी न सांगता गेले. रांगेत कडेला ती उभी होती. चौकोनी, गडद हिरवी. बघताक्षणी काकांच्या मनात एकच विचार आला, थोरल्यांच्या गाडीपेक्षा ही उंच आहे.

आणखी काही बघायची गरजच वाटली नाही त्यांना.

पण सवय कुठे जाणार. सीट शिवणारा माणूस, हात आधी सीटवरच गेला. चालवणाऱ्याची सीट पार बसलेली होती, आतला फोम मेलेला. शेजारच्या सीटवर मात्र काकांनी तळहात दाबला तर ती टणक लागली. कापडावर एक सुरकुती नाही. त्या सीटवर कधी कुणी बसलंच नव्हतं.

"एकट्याने वापरली का हो ही?" काकांनी विचारलं.

"कागदावर एकच मालक," व्यापारी म्हणाला. "आणि चालवलीय सगळी डोंगरात. खाली वाकून बघा, दगडांचे ओरखडे आहेत."

डोंगरात चालवलेली, आणि शेजारच्या सीटवर कुणीच नाही. मग त्याला वाट कोण दाखवत होतं? आणि जो दाखवत होता, तो घरी जाताना कुठे बसायचा...

हा प्रश्न काकांच्या मनात आला होता. त्यांनी तो झटकला.

त्या गाडीला एक गमतीची वस्तू होती. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर देठावर उगवल्यासारखा एक छोटा आरसा. व्यापारी म्हणाला, उंच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी कुणी उभं राहिलं तर उजवीकडे बसलेल्याला दिसत नाही, म्हणून तिकडे हा लावलेला असतो. त्यात गाडीचा तेवढाच कोपरा दिसतो. चाक, जमीन, आणि कुणी उभं असलं तर त्याचे पाय.

"नको असेल तर काढून देतो."

"राहू दे," काका म्हणाले. थोरल्यांच्या गाडीला असला आरसा नव्हता ना.

गाडी आणली ती थेट थोरल्या मावशीच्या दारात. सगळे जेवायला जमलो होतो. मीही होते. धाकट्या काकांचा चेहरा असा झाला होता, जणू परीक्षेत पहिला आलेला मुलगा निकाल खिशात घेऊन फिरतोय.

थोरले काका बाहेर आले. गाडीभोवती सावकाश एक चक्कर मारली. टायर दाबला, खाली वाकून बघितलं. धाकटे काका वाट बघत होते की आता याचं तोंड उतरेल.

कसलं काय. थोरल्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"साडूभाऊ, बाजी मारलीत. नंबर एक गाडी. तो आरसा तेवढा काढा, कुणाच्या तरी घरात डोकावणाऱ्या म्हातारीसारखा दिसतो. आणि आता तुम्ही बसायचं आत. इतकी वर्षं माझ्यासाठी चिखल तुडवलात, यापुढे मी उतरतो खाली."

मनापासून म्हणाले हो. त्यांच्या मनात काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. पण जळणाऱ्याला फुंकर घातली तरी निखारा फुलतोच. धाकट्या काकांना वाटलं, यातही मोठेपणा यालाच. उतरणार हा, आणि उपकार माझ्यावर.

"मला नाही कुणी लागत," काका म्हणाले.

 थोरल्या मावशीने पाणी आणायचं निमित्त काढलं. थोरले काका हसले खरे, पण जरा उशिराने.

पहिल्यांदा दिसलं ते दुकानासमोर.

काका गाडी लावत होते. कठड्याला घासू नये म्हणून त्या आरशात बघितलं. डावं चाक दिसलं. फरशी दिसली.

आणि चाकाच्या शेजारी... बूट.

रबराचे, लांब, पोटरीपर्यंतचे. ओल्या चिखलाने माखलेले. बुटांची टोकं पुढे, गाडीच्या दिशेने नव्हे, रस्त्याच्या दिशेने. कुणीतरी निघायची वाट बघत उभं असावं तसे.

काका खाली उतरले. डाव्या बाजूला गेले.

कुणी नव्हतं. फरशी कोरडी ठाक.

परत आत बसून आरशात बघितलं. चाक, फरशी. बस.

कुणीतरी गेलं असेल, म्हणून सोडून दिलं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरून निघताना विसरलेला डबा घ्यायला परत वर आले, तर मावशी गॅलरीत उभी.

"अहो, त्या माणसाला एवढं चालत कशाला नेता? आत बसवा की."

"कुठला माणूस?"

"तो गाडीपाशी उभा असतो तो. काल नाही का, तुम्ही गाडी सुरू केलीत आणि तो पुढे चालत गेला फाटकापर्यंत. दुकानातला नवीन कारागीर ना?"

काकांनी डबा घेतला. "हो," म्हणाले.

का म्हणालात हो, असं मी विचारलं. तर म्हणाले, "नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, गाडी परत करा. आणि मग थोरले काय म्हणाले असते?"

बघा म्हणजे. दारात भूत उभं आहे आणि माणसाला काळजी कशाची, तर साडू काय म्हणेल.

मग काका एकटेच खाणीमागच्या चढावर गेले. सराव करायला, कुणी बघत नसताना. हा चढ कुप्रसिद्ध आहे. मोठाले दगड, मध्ये घळ, आणि थोरल्या काकांनासुद्धा तो कधी जमलेला नव्हता. संध्याकाळ व्हायला आली होती. काका निम्म्यावर गेले आणि अडकले. चाकं फिरत होती, गाडी हलत नव्हती. पुढे नुसतं आकाश दिसत होतं, खाली काय आहे काही कळत नव्हतं.

त्यांनी आरशात बघितलं.

बूट होते.

ते चालू लागले. आरशातून बाहेर गेले... आणि बॉनेटच्या पलीकडे, दगडांमध्ये, कुणीतरी उभं राहिलं.

राखाडी रेनकोट, डोक्यावर टोपी ओढलेली. चेहरा सावलीत. पण हात दिसत होते. हातांत पांढरेशुभ्र हातमोजे होते. चिखलात उभा माणूस, आणि मोज्यांवर एक डाग नव्हता.

हात वर झाले. जरा डावीकडे. ये. ये. थांब.

काकांना घाम फुटला होता. पळून जावं असं वाटलं. पण पळणार कुठे, गाडी चढावर लटकलेली. आणि हात बरोबर सांगत होते. इतकी वर्षं काकांनी तेच काम केलेलं, त्यांना हातातला खरेपणा कळतो. त्यांनी जमीन बघायचं सोडलं आणि हात बघितले.

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली.

माथ्यावर पोचले तेव्हा पुढे कुणी नव्हतं. काका स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटले. भीती होती हो, खूप होती. पण तिच्या वरचढ दुसरंच काहीतरी होतं. जो चढ कॅप्टनला जमला नाही, तो आपल्याला जमला.

पुढच्या रविवारी ग्रुपसमोर चढवली. एकट्याने. लोकांनी तोंडात बोटं घातली.

"स्पॉटर कोण?" कुणीतरी विचारलं.

"कुणी नाही," काका म्हणाले.

ग्रुपवर फोटो आला. पूर्ण गाडी, पूर्ण काका. मावशीने तो आपल्या दोन्ही बहिणींना पाठवला, आमच्या घरीसुद्धा आला. मी झूम करून बघितला होता. मला तरी त्यात कुणी दिसलं नाही.

असं बरेच आठवडे चाललं. काका चढत गेले आणि थोरले काका हळूहळू कमी बोलायला लागले. रविवारी उगाच काहीतरी काम काढायचे. आले तरी म्हणायचे, "दगड सरकलेत हल्ली, चढ सोपा झालाय." नाचता येईना, अंगण वाकडं. धाकट्या काकांना हे ऐकून जेवणापेक्षा जास्त तृप्ती व्हायची. आता पोटात दुखायची पाळी थोरल्यांची होती.

पण दोन गोष्टी काकांनी कुणाला सांगितल्या नव्हत्या.

एक म्हणजे आरशातले बूट. आधी त्यांची टोकं रस्त्याकडे असायची. नंतर ती थोडी थोडी वळायला लागली. एके दिवशी बघतात तर टोकं सरळ गाडीकडे... काकांच्या दाराकडे.

आणि दुसरी गोष्ट हातांची.

काकांचा डावा खांदा आखडलेला आहे. जन्मभर गाद्या ठासून भरायच्या, दुसरं काय होणार. त्यामुळे हात वर केले की डावा नेहमी थोडा खाली राहतो. स्पॉटिंग करताना सगळे चिडवायचे त्यावरून. त्या पांढऱ्या मोज्यांतले हात आधी दोन्ही सारखे वर जायचे.

मग हळूहळू... डावा खाली राहायला लागला.

"तेव्हा तरी सोडायचं होतं काका," मी म्हटलं.

"तेव्हा थोरले म्हणाले होते की येत्या रविवारी ते तो चढ चढून दाखवणार."

तो रविवार उजाडला. सकाळपासूनच थंडी बोचत होती. ग्रुपचे बाकीचे खाली मैदानात थांबले. धाकटे काका नेहमीप्रमाणे एकटे वर गेले. माथा म्हणजे जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी सपाटी. एका अंगाला चढ, दुसऱ्या अंगाला खाण. सरळ कडा, आणि तळाला काळं पाणी. काकांनी गाडी वळवून सुरक्षित बाजूला लावली आणि आत बसून राहिले.

इथे त्यांनी उतरायला हवं होतं. नियम होता तो. वर पोचलेल्याने मागच्याला वाट दाखवायची. आणि थोरले काही परके नव्हते.

"मनात म्हटलं, लागली मदत तर मागेल. एकदा तरी मागू दे."

खालून इंजिनाचा आवाज येत राहिला. कण्हल्यासारखा, थांबून थांबून. आणि तेवढ्यात धुकं आलं. खाणीतल्या पाण्यावरून उठलं आणि माथ्यावर पसरलं.

थोरल्या काकांची गाडी वर आली.

जमलं त्यांना. कुणाच्या मदतीशिवाय. काकांनी काचेतून बघितलं, समोर धुक्यात दोन पिवळे दिवे, त्यामागे थोरल्यांचा लालबुंद, घामेजलेला चेहरा. लहान मुलासारखे खूश होते.

आणि धाकट्या काकांच्या छातीत काहीतरी करपलं. एवढं एकच होतं त्यांच्याकडे. तेही गेलं.

आता थोरल्यांना गाडी वळवायची होती. त्यासाठी थोडं मागे घ्यायला हवं. वर येताच गाडी अर्धी वळली होती, त्यामुळे मागे आता खाण. त्यांना त्या धुक्यात कडा दिसत नव्हता. त्यांनी गाडी थांबवली आणि बघत राहिले. कुणीतरी हात दाखवेल म्हणून.

काकांनी आरशात बघितलं.

बूट नव्हते.

त्यांनी मान वर केली. दोन गाड्यांच्या मधोमध ते उभं होतं. राखाडी रेनकोट. पण आज पहिल्यांदाच... काकांकडे पाठ करून.

तोंड थोरल्यांच्या गाडीकडे.

पांढरे हात वर झाले. डावा थोडा खाली. तळवे पुढे ढकलले गेले.

मागे. मागे. आहे जागा, मागे.

थोरल्या काकांचा चेहरा सैल झाला. ते चक्क हसले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, आरशात बघितलं नाही. हात बघितले आणि गाडी मागे घेतली. इतकी वर्षं घेत आले तशी, डोळे झाकून विश्वासाने.

मागे. अजून. मागे.

कडा कुठे आहे ते धाकट्या काकांना पक्कं ठाऊक होतं. हॉर्न त्यांच्या तळहाताखाली होता. दाबायचा होता फक्त.

हे सांगताना काकांनी टेबलावरची कात्री उचलली, खाली ठेवली.

"दाबला मी," म्हणाले.

"लगेच?"

त्यांनी पुन्हा कात्री उचलली.

हॉर्न वाजला तेव्हा थोरल्यांचं एक मागचं चाक हवेत होतं. त्यांनी ब्रेक मारला. गाडी क्षणभर तोलली, मग तिरकी होऊन दिसेनाशी झाली. दगड घरंगळल्याचा आवाज... आणि नंतर काहीच नाही. पाण्यात पडल्याचासुद्धा नाही.

पाण्यापर्यंत गाडी गेलीच नव्हती. खाली एक टप्पा आहे, तिथे अडकली. ग्रुपच्या लोकांनी दोर लावून थोरल्यांना वर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण जीव वाचला. काकाच सगळ्यात पुढे होते दोर ओढायला. ओढताना रडत होते, असं सगळे सांगतात.

आजूबाजूला रेनकोटवालं कुणी नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये थोरल्या काकांनी सगळ्यांना सांगितलं, अंदाज चुकला, धुकं होतं. दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडल्या. मग एके दिवशी थोरले म्हणाले, सगळे जरा बाहेर जा, मला साडूभाऊंशी बोलायचंय.

दार लागलं. काका स्टुलावर बसले.

"मी कुणाला बोललेलो नाही," थोरले म्हणाले. आवाज अगदी खाली. "बोलणारही नाही. पण तुम्ही मला मागे घेतलंत, साडूभाऊ."

"मी गाडीत होतो, दादा. मी उतरलोच नव्हतो."

"चेहरा नाही दिसला धुक्यात. पण हात तुमचे होते. डावा खाली राहणारा. इतकी वर्षं दुसरं काय बघितलंय मी? ते हात दिसले आणि बरं वाटलं हो मला. म्हटलं, राग गेला माणसाचा."

 मी नव्हतो, हे खरं होतं. पण ते पुन्हा म्हणायला गेले तर तो हॉर्न आडवा येत होता.

"एवढंच सांगा," थोरले म्हणाले. "ते पांढरे हातमोजे कशाला घातले होते?"

काका उठून बाहेर आले.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसले नसते.

थोरले काका बरे झाले. लंगडतात, काठी लागते, पण गाडी चालवता येते. आणि बरं झाल्यावर पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल? धाकट्या काकांच्या दुकानात आले, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, तुमची ती हिरवी गाडी मला द्या."

काकांनी किल्ली काढून हातात ठेवली. काय बोलणार? त्या माणसाचं तोंड बंद होतं, त्याची ती किंमत होती असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर सुटलो असंही वाटलं.

सुटले कुठले. आता दर रविवारी थोरले काका त्या गाडीतून खाणीमागचा चढ चढतात. मोडक्या खुब्याने. एकटे. ग्रुपवर फोटो येतात, कॅप्टन परत आला म्हणून टाळ्यांचा पाऊस पडतो. कुणी विचारलं तर सांगतात, मला नाही कुणी लागत.

आणि धाकटे काका दुकानात बसून ते फोटो बघतात. मी डोळ्यांनी बघितलंय. चेहरा काळवंडलेला असतो, जेवणाचा डबा तसाच परत जातो. एवढं सगळं होऊनही माणूस जळतोय. परवा बघते तर हप्त्यावर घेतलेली दुसरी गाडी दुकानासमोर उभी.

काल थोरल्या काकांचा फोन आला होता. मी तिथेच होते, स्पीकरवर ऐकलं.

"येत्या रविवारी या की नवी गाडी घेऊन. माथ्यावर जागा कमी आहे, पण काळजी करू नका. तुम्ही या वर, मी दाखवतो तुम्हाला मागे कसं घ्यायचं."

आवाज गोड होता. अगदी मनापासून बोलल्यासारखा.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काका, तुम्ही जाणार नाही आहात."

त्यांनी टाचण्या तोंडात धरल्या, कापड ओढून ताणलं.

"नाही गेलो तर त्याला वाटेल, मी जळतो त्याच्यावर," म्हणाले.

मी धाकट्या मावशीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, जाऊ दे गं, दोघांचं पुन्हा जमतंय तर आपण मध्ये पडू नये. उद्या रविवार आहे. काकांनी आत्ताच गाडीत डिझेल भरून आणलंय.